विनीताची लाइन रोज तुटते

कॉम्प्युटरवर घरबसल्या नोकरी करणारं माणूस दिसतं तरी कसं, हे बघायला पहिल्या दिवशी अर्धी मुखवाडी विनीताच्या पडवीत येऊन बसली होती. पंधरा-वीस मिनिटं सगळ्यांनी डोळे फाडून बघितलं. बाई नुसती काचेकडे बघते आणि बोटं आपटते, एवढंच काय ते दिसलं, तेव्हा मंडळी कंटाळून उठली. शेजारची सावित्री तर तोंडावरच म्हणाली, "ह्याका काम म्हणतत? मगे माका पण लावन दी गो खंय तरी."

विनीता हसली आणि पुन्हा काचेकडे वळली.

गोष्ट २०१०च्या फेब्रुवारीतली. विनीता मुंबईला एका विमा कंपनीच्या कामाला होती. हॉस्पिटलांची बिलं तपासायची, खरी-खोटी बघायची आणि शेरा मारून पुढे पाठवायची, असं तिचं काम. आई चार वर्षांपूर्वी गेलेली. वडील सहदेव खाडीच्या मुखावरच्या मुखवाडीत एकटे, पण एकटे म्हणजे काय, चाळीस वर्षं होडीवर तांडेलकी केलेला माणूस! त्यांच्या शब्दावर सहा-सहा खलाशी दर्यात उतरायचे. ते डिसेंबरात धक्क्यावर शेवाळावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. कुडाळला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सहा महिने कोणीतरी सतत जवळ पाहिजे.

आता जवळ कोण राहणार? धाकटा भाऊ दीपेश वसईला, तिसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये. तो म्हणाला, "बाबांक मी न्हेतंय." सहदेवांनी खाटेवरून एवढा आवाज चढवला की कौलांवरचे कावळे उडाले. "तिसऱ्या माळ्यार न्हेवन माका काय सुकत घालतलंस? मी खंय जावचंय नाय!"

शेवटी विनीताने ऑफिसात शब्द टाकला. तिच्यावरच्या अधिकारी सलोनी मॅडम. बाई कडक, पण मनाने वाईट नव्हे. त्यांनी सांगितलं, "तीन आठवडे बघू. घरून काम नीट झालं तर सहा महिने राहा. नाही झालं, तर चौथ्या सोमवारी इथे तुझ्या खुर्चीवर दिसली पाहिजेस." म्हणजे हिशेब सरळ होता. काम जमलं तर बाप घरात, नाही जमलं तर बाप वसईच्या तिसऱ्या माळ्यावर. दीपेशने तर त्या सोमवारच्या आदल्या रविवारची गाडीसुद्धा ठरवून ठेवली होती.

ऑफिसने एक लॅपटॉप दिला आणि मोबाइलच्या नेटवर चालणारं एक डेटा कार्ड. ते लॅपटॉपला खोचायचं, दिवा लागला की नेट चालू. मग त्यावरून व्हीपीएन जोडायचं, म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटरात शिरायचा खासगी रस्ता. तो जोडला की पडद्याच्या कोपऱ्यात हिरवं कुलूप दिसायचं. कुलूप हिरवं असेल तोवर विनीता मुंबईत, राखाडी झालं की मुखवाडीत.

पहिल्या सोमवारी सव्वाबाराला कुलूप राखाडी झालं.

तिने परत जोडलं, तुटलं. परत जोडलं, परत तुटलं. कार्ड काढून फुंकर मारली, पदराने पुसलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. तासभर हा तमाशा चालला आणि मग, काय देवाची करणी, आपोआप सगळं सुरळीत. मंगळवारी एक वाजता तीच रड. बुधवारी पावणेदोनला. गुरुवारी दिवसभर काही नाही, लोण्यासारखं चाललं. शुक्रवारी सव्वातीनला पुन्हा तेच.

मुंबईहून मदत करायला निकेत नावाचा एक मुलगा होता. दिवसभर कानाला हेडफोन लावून तो पन्नास लोकांची रडगाणी ऐकायचा, पण आवाजात वैताग म्हणून नाही. तो म्हणाला, "विनीताताई, मी पण तुमच्याच जिल्ह्यातला. वैभववाडीचो. तुमचं काम अडू देणार नाही." मग त्याने तिच्याकडून काय काय करून घेतलं! कार्डचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. व्हीपीएनच्या आतले आकडे बदलले. कार्ड लांब वायरला जोडून खिडकीबाहेर टांगायला लावलं. विनीताने ते मासे वाळवायच्या काठीला बांधून परसात उंच उभं केलं, वरून प्लास्टिकची पिशवी घातली. सावित्रीने विचारलं, "ह्या काय, दृष्ट काढूक?" विनीता म्हणाली, "तसाच समज."

"आणि एक करा," निकेत म्हणाला, "प्रत्येक वेळी तुटलं की वेळ लिहून ठेवा. वेळेवरून पुष्कळ कळतं."

शनिवार-रविवारी त्याने आणखी काही खटपट केली. आणि दुसऱ्या आठवड्याचा सोमवार कसा गेला म्हणता? एकदाही तुटलं नाही! मंगळवारही छान. बुधवारी विनीताने हिय्या करून दुप्पट बिलं तपासली. गुरुवारी निकेत फोनवर म्हणाला, "ताई, ती शेवटची सेटिंग लागू पडली बघा. आता शिरा खाऊन मोकळ्या व्हा." विनीताने खरंच शिरा केला, केळं घालून, आणि बाबांना भरवला. सहदेव म्हणाले, "कसलो सण?" ती म्हणाली, "माझी लाइन जोडली." त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.

शुक्रवारी सकाळी नऊला ती कामाला बसली. नऊ वाजून पाच मिनिटांनी लाइन तुटली.

विनीता कपाळाला हात लावून बसली. रडू येत होतं, पण आत बाप जागा होता, म्हणून तिने ते गिळलं.

त्याच दुपारी सलोनी मॅडमचा फोन. "विनीता, मी स्पष्ट बोलते, राग मानू नकोस. पहिल्या आठवड्यात तू बंद पडलीस सव्वाबाराला, एकला, पावणेदोनला. म्हणजे स्वयंपाक, जेवण, वामकुक्षी. मग सव्वातीनला, चहा. शुक्रवारी मी त्याबद्दल विचारलं आणि सोमवारपासून चार दिवस एकदम व्यवस्थित. आज पुन्हा सुरू. तूच सांग, माझ्या जागी तू असतीस तर काय समजली असतीस?"

विनीताला वाटलं, धरणी दुभंगावी. दहा वर्षांत तिने एक खोटी रजा घेतली नव्हती. "मॅडम, मी शपथेवर सांगते..." एवढंच ती बोलू शकली. मॅडम म्हणाल्या, "शपथ नको, कारण सांग. पुढच्या शुक्रवारी मला निर्णय द्यायचा आहे."

कारण सांग! कारण ठाऊक असतं तर एवढं घोडं अडलं असतं कशाला?

तिसऱ्या सोमवारी साडेअकराला तुटलं. विनीताने वहीत वेळ लिहिली, वही आदळली आणि बाबांना पेज द्यायला आत गेली. चिडचिड हातात उतरलेली होतीच, पेजेचा टोप धाडकन ठेवला गेला.

"काय झाला गो?" सहदेवांनी विचारलं.

"काय नाय. लाइन गेली."

"परत?"

"परत. रोज जाता. आणि रोज वेगळ्या वेळेर जाता. एका वेळेर गेली असती तर तेवढो वेळ उठान बसले असते. ही मेली कधी दुपारी, कधी सकाळी, कधी चार-चार दिस जायतच नाय. निकेत म्हणता, असला येडा बिघाड तेना बघूकच नाय."

सहदेव पेज ढवळत राहिले. दोन आठवडे ते हे ऐकत होते, पण नेट म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. आपल्या पायी पोरीची नोकरी चालली, हे मात्र त्यांना पक्कं कळत होतं. रात्ररात्र त्यांना तेच खात होतं. एकदोनदा तर वसईला जातो म्हणावं, संपवावा एकदाचा पोरीचा त्रास, असंही मनात आलं होतं.

"बघू तुझी वही," ते म्हणाले.

"बाबा, तुका तेतूर काय कळतला?"

"दी तर खरी."

तिने वही दिली. सहदेवांनी चष्मा चढवला, बोट ठेवून पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. मग मान वर न करता विचारलं, "ह्यो वेळा तुका कोणी सांगल्यान?"

"कोण सांगतलो? तुटली काय मी लिवन ठेवतंय."

"गो, ही भरती आसा."

"कसली भरती?"

"दर्याची, आणि कसली! ह्या बघ, पयलो सोमार. द्वितीया होती. दोनाचो पाऊणपट केलो काय दीड. दीड वाजता पुरी भरती. तेच्या आदी तास-सवातास होड्यो मुखात शिरूक लागतत, तेव्हा सव्वाबारा. मंगळवारी तृतीया, सव्वादोन वाजता भरती, तू लिवलंस एक. रोज पाऊण तास फुडे. तुझो तो चार दिसांचो शिरो आठवता? त्या आठवड्यात भरती सकाळची आणि तिन्हीसांजेची, होड्यो साडेआठाच्या आत मुखात. तू कामाक बसतलंस नवाक. तुका कशी गावतली?"

विनीता खाटेच्या कडेवर बसली. लहानपणापासून वाडीतलं पोरसुद्धा तिथीवरून भरती काढतं. तिलाही येत होतं, पण दहा वर्षांत ती घड्याळावर जगायला शिकली होती. तिने बोटांवर मोजून पाहिलं. एकूण एक ओळ जुळत होती. जुळत नव्हती ती फक्त एक.

"मगे ह्यो गुरवार?" ती म्हणाली. "पयल्या आठवड्यातलो. त्या दिवशी तुटलीच नाय. भरती काय त्या दिवशी रजेर होती?"

सहदेवांनी त्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं. पेज गार होत होती, पण दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं. मग त्यांनी मांडीवर थाप मारली आणि खुब्यातून कळ गेली तशी "आये गे" म्हणून ओरडले. कळ ओसरायच्या आतच बोलायला लागले.

"गुरवारी यमुनाबाय गेली!"

यमुनाबाई म्हणजे वाडीतली सगळ्यांत जुनी मासळीवाली. टोपली डोक्यावर घेऊन पन्नास वर्षं घरोघर फिरलेली. मुखवाडीत कोणाचं मयत झालं की त्या दिवशी एकही होडी दर्यात जात नाही. श्रीमंताचं असो की गरिबाचं, हा रिवाज कोणी मोडत नाही. विनीता स्वतः त्या दिवशी भेटून आली होती, पण वहीतल्या कोऱ्या ओळीशी तिने त्याची सांगड घातलीच नव्हती.

"पाणी त्या दिवशी पण चढला," सहदेव म्हणाले. "म्हणजे पाण्यान तुझा वाकडा केला नाय. होड्यो येतत तेव्हा तुटता. आता माका सांग, तुझा ह्या यंत्र खंयच्या टॉवरार चलता? आमच्या फोनाच्याच मां?"

"तेच्याच. एकच टॉवर आसा हंय."

"मगे झाला तर! रातभर दर्यात फोन मुको. मुखात शिरल्याबरोबर रेंजच्यो काड्यो दिसतत आणि जो तो फोन काढता. मालवणच्या व्यापाऱ्याक इचार, कणकवलीच्याक इचार, कोण जास्ती दर देता. बरफवाल्याक सांग, टेम्पोवाल्याक सांग. चाळीस होड्यो, होडयेर तीन-तीन फोन. वर काठार बायलो फोन घेवन उभ्यो. मी पण तसाच करी होतंय."

विनीताने तिथूनच निकेतला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"ताई," निकेत सावकाश म्हणाला, "टॉवरवर जागा मोजकीच असते. त्यात बोलणाऱ्याला आधी जागा मिळते, उरली तर नेटला. शंभर जण एकदम बोलायला लागले की तुमचं नेट दाराबाहेर. कार्डचा दिवा लागलेला असतो, म्हणून मी सगळा दोष व्हीपीएनला देत बसलो. आणि ती सेटिंग लागू पडली म्हणून तुम्हाला शिरा करायला लावला! कर्म माझं."

"काय म्हणता तो?" सहदेवांनी विचारलं. विनीताने सांगितलं. त्यांनी फोन मागून घेतला. "तू वैभववाडीचो मां? मगे तुझी चूक नाय. डोंगराच्या मुळातलो माणूस तू, तुका भरती काय म्हायत! आणि टॉवर करता ता बरोबर करता. आदी लिलाव, मगे तुमचा हापिस."

"खरा हां, काका," निकेत हसत म्हणाला. "पण ह्या मॅडमना पटवूक व्हया. उद्या किती वाजता तुटतला ता आजच सांगशात?"

"उद्या द्वितीया. सव्वाबारा."

मंगळवारी बाराला सलोनी मॅडम, निकेत आणि विनीता असे तिघं एकाच कॉलवर. विनीता मोबाइल कानाला लावून पडवीत बसलेली, समोर लॅपटॉप, कोपऱ्यात हिरवं कुलूप. निकेतला त्याच्या पडद्यावर तिची लाइन दिसत होती. आत खाटेवर सहदेव, उशीला टेकून, कान टवकारून.

सव्वाबारा झाले. कुलूप हिरवंच.

बारा वीस. हिरवंच. दोन आठवडे जी मेली मागे लागून तुटत होती, ती आज तुटायला तयार नाही, आता बोला!

"विनीता, साडेबाराला माझी मीटिंग आहे," मॅडम म्हणाल्या.

आतून सहदेव ओरडले, "तिका सांग, आज उत्तरेचो वारो आसा! होड्यो धा-पंधरा मिन्टा मागे पडतल्यो!"

हे कसं सांगायचं? विमा कंपनीच्या मॅनेजरला उत्तरेचा वारा सांगायचा? पण विनीताने डोळे मिटले आणि सांगून टाकलं. "मॅडम, वारा उत्तरेचा आहे. होड्यांना दहा-पंधरा मिनिटं उशीर होईल."

"माझ्या तक्त्यात वाऱ्यासाठी रकाना नाही," मॅडम कोरडेपणाने म्हणाल्या. पण फोन ठेवला नाही त्यांनी.

बारा चोवीसला पहिल्या इंजिनाचा आवाज आला, मागोमाग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. खाडीकाठी बायकांची हाकाहाक सुरू झाली. बारा सव्वीसला कुलूप राखाडी झालं.

"गेली! गेली!" निकेत इतक्या जोरात ओरडला की त्याच्या आजूबाजूचे लोक हसलेले फोनवर ऐकू आले. विनीताही हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. दोन आठवडे ज्या तुटण्याला शिव्या घातल्या, त्याच तुटण्यावरून आज ओवाळून टाकावं असं तिला झालं.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. "ही वेळ कोणी सांगितली म्हणालीस?"

"माझ्या वडिलांनी."

"काय करतात ते?"

डिसेंबरपासून वाडीतले लोक, दीपेश, अगदी विनीतासुद्धा, बाबांबद्दल बोलताना 'करायचे', 'जायचे' असंच म्हणू लागली होती. कोणी ठरवून नव्हे, तोंडातच तसं बसलं होतं. तिने दाराकडे पाहिलं.

"तांडेल आहेत," ती म्हणाली.

आतली खाट करकरली.

"महिनाभराच्या वेळा आधी काढून देऊ शकतील?" मॅडमनी विचारलं. "म्हणजे त्या तासाची बिलं तू आधीच उतरवून घेशील, नेटशिवाय तपासशील आणि नंतर चढवशील. जेवणाची सुट्टी पण त्यातच धर. वेळापत्रक महिन्याच्या महिन्याला माझ्याकडे आलं पाहिजे, एक दिवस उशीर चालणार नाही. निकेत, यात काही अडचण?"

"काहीच नाही, मॅडम. सहा महिने आरामात चालेल."

"मग सहा महिने," मॅडम म्हणाल्या, आणि मीटिंगला गेल्या.

विनीताने फोन ठेवला. मग उठून आत गेली. सांगायची काही गरज नव्हती, बाबांनी सगळं ऐकलं होतं. ते भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत होते, आणि नाक ओढत होते, सर्दी झाल्यासारखं.

"जूनाक होड्यो वर काढल्यार तुका वेळापत्रक लागाचाच नाय," ते म्हणाले. "ता पण लिवन ठेव. मगे बाई म्हणतली, आदी कित्याक सांगूक नाय."

संध्याकाळी दीपेशचा फोन आला. रविवारी सकाळी सहाला गाडी येते, बाबांचे कपडे भरून ठेव, असं तो बहिणीला सांगत होता. सहदेवांनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"दीपेश, गाडी नको सांगू. माका येवक जमाचा नाय."

पलीकडून तो समजूत घालायला लागला, बाबा हट्ट करू नकोस, तायची नोकरी, असं काहीबाही. सहदेवांनी त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं.

"ता नाय रे," ते म्हणाले. "मी हंय कामाक लागलंय."

दीपेश काहीतरी विचारत होता, पण त्यांनी फोन विनीताच्या हातात दिला आणि कॅलेंडर खाली काढून मागितलं, कारण मार्चच्या तिथी अजून काढायच्या होत्या.